तीन वर्षांच्या बोलीवर

तीन वर्षांत जमिनीतून काय काय निघतं?

कांदा निघतो, बटाटा निघतो. टोमॅटो, खरबूज, कापूस निघतो. स्ट्रॉबेरी तर झकास निघते. द्राक्षाचा वेल लावला तर तिसऱ्या वर्षी कुठे घड दिसायला लागतात. पेअर, संत्रं, अक्रोड यांचं नावच काढायला नको. ज्याला तीन वर्षांनी जमीन सोडायची आहे तो झाड लावत नाही. लावलंच तर फळं दुसरा खाणार हे मनाशी धरून लावतो.

हे गणित मला सापडलं ते कॅलिफोर्नियाच्या एका जुन्या कायद्यात. १९१३ सालचा 'एलियन लँड लॉ'. मी तो वाचायला घेतला तो निव्वळ कुतूहलापोटी. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींना गावाकडून फोन आला की तब्येत, हवा, मुलांची शाळा यांच्यानंतर चौथा प्रश्न हमखास येतो, "घर स्वतःचं घेतलंत की अजून भाड्याचंच?" मामा विचारतात, मावशी विचारते, ज्यांना आपण कोणत्या देशात आहोत हे नक्की आठवत नाही असे दूरचे काकाही विचारतात. या प्रश्नाच्या मागे एक समजूत असते, की भाड्याने राहायचं की विकत घ्यायचं हा फक्त पैशाचा प्रश्न आहे. शंभर वर्षांपूर्वी इथे आलेल्या आशियाई माणसाच्या खिशात पैसे असूनही त्याला हा प्रश्न सोडवता येत नव्हता. त्याचं उत्तर सरकारने आधीच लिहून ठेवलेलं होतं, आणि तेही वर्षं मोजून.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या शेतांवर जपानहून मजूर आले, पाठोपाठ पंजाबातून आले. बीट उपटायला, फळं तोडायला, पाण्याचे पाट काढायला ते सगळ्यांना हवे होते. पण हे लोक मजूर म्हणून आले तरी शेतकऱ्यांची पोरं होती. हातात चार डॉलर साठले की आधी बटईने, मग खंडाने, आणि जमलं तर विकत, अशा पायऱ्या ते चढू लागले. किंजी उशिजिमा हा त्यातला सर्वात नामांकित. इथे त्याला जॉर्ज शिमा म्हणत. सॅक्रामेंटो आणि सॅन वॉकीन नद्यांच्या मुखाशी जी दलदलीची बेटं होती, ती भाडेपट्ट्याने घेऊन, बांध घालून, पाणी उपसून त्याने तिथे बटाटा केला. लोक त्याला 'पोटॅटो किंग' म्हणायचे. याच शिमाने १९०९ मध्ये बर्कलीत घर घेतलं तेव्हा मात्र गावात निषेधाची ओरड झाली. दलदलीत राबणारा शिमा चालत होता, शेजारी राहायला आलेला चालत नव्हता!

मजूर हवा पण शेतकरी नको, ही ती गंमत. १९१३ चा कायदा त्यातूनच आला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना मुद्दाम सॅक्रामेंटोला पाठवलं, की बाबांनो जरा दमानं घ्या, जपानशी संबंध बिघडतील. कोणी ऐकलं नाही. गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी मे महिन्यात सही केली.

कायद्याची भाषा मोठी सोज्वळ आहे. त्यात 'जपानी' हा शब्द कुठेही नाही. 'नागरिकत्वास अपात्र परके' एवढंच आहे. अमेरिकेत १७९० पासून नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना मिळत असे, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. उरले कोण? आशियातले. तेव्हा नाव न घेता नेमकं बोट दाखवायची सोय आधीच तयार होती. असे अपात्र लोक शेतजमिनीचे मालक होऊ शकणार नाहीत, मात्र तीन वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने ती कसू शकतील. १९११ च्या अमेरिका-जपान तहात घर, दुकान, गोदाम यांची तरतूद होती, राहण्यासाठी आणि व्यापारासाठी जमीन भाड्याने घेण्याचीही होती. शेतीचा उल्लेख नव्हता, आणि कायदा करणाऱ्यांनी बरोबर त्याच फटीत पाचर मारली.

आता हा 'तीन' आकडा पाहा. जमीन पडीक राहू नये, भाजीपाला बाजारात यावा, मालकाला खंड मिळावा, एवढ्यासाठी तीन वर्षं पुरतात. विहीर खणावी, बाग लावावी, पक्कं घर बांधावं, पोरांची शाळा बघून गाव धरावं यासाठी ती पुरत नाहीत. कायदा करणाऱ्यांना श्रम हवे होते, मुळं नको होती. जपानी शेतकरी स्ट्रॉबेरी आणि भाजीपाल्यात पुढे का गेले याची पुष्कळ कारणं दिली जातात. कमी जमीन, कमी भांडवल, घरच्या माणसांचे हात. सगळी खरी आहेत. पण जो माणूस तीन वर्षांपुढचं बघूच शकत नाही तो आणखी काय लावणार?

आपल्या भाषेत या व्यवहारासाठी शब्द किती आहेत बघा. खंड, बटई, अर्धेली, मक्ता, भाडेपट्टा. आणि जमीन कसणाऱ्यासाठी 'कूळ'. वंशालाही आपण कूळच म्हणतो. दोन अर्थांच्या मुळाशी काय आहे ते भाषातज्ज्ञ सांगतील, मला मात्र त्यांची जवळीक फार बोलकी वाटते. जो पिढ्यानपिढ्या जमीन कसतो त्याचं तिच्याशी नातं जडतं, असं त्या शब्दातच आहे. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी हेच नातं मान्य केलं. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' धरून कुळांना मालक करायची प्रक्रिया सुरू झाली. (ती किती ठिकाणी नीट झाली आणि किती ठिकाणी भावकीची भांडणं होऊन कोर्टात अडकली हे तुम्हा मंडळींना मी काय सांगणार!) कॅलिफोर्नियाच्या कायद्याला नेमकी याचीच धास्ती होती, की कूळ उद्या 'कूळ' होऊन बसेल.

मात्र या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. तेव्हाचे कॅलिफोर्नियावाले म्हणत, "जपान तरी कुठे परक्यांना जमीन विकतो?" हे खरंच होतं. जपानात परदेशी माणसाला जमिनीची मालकी मिळत नव्हती. परक्यांच्या जमिनीचा नवा कायदा तिथे १९२५ मध्ये आला. पण त्याआधी परदेशी लोक जपानात काय मुदतीवर राहत होते? तर कायमच्या!

झालं असं, की १८५८ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या सत्तांनी दुबळ्या जपानकडून तह लिहून घेतले. योकोहामा, नागासाकी, पुढे कोबे अशी बंदरं उघडली. तिथे परदेशी व्यापाऱ्यांना जागा भाडेपट्ट्याने मिळाल्या आणि या पट्ट्यांना शेवटची तारीखच नव्हती. नावाला भाडं, बाकी सगळा मालकीचा थाट. १८९९ मध्ये जपानने त्या वसाहती गुंडाळल्या, तिथला परक्यांचा वेगळा न्याय बंद केला, पण हे पट्टे तसेच ठेवावे लागले. मग जपान सरकार म्हणालं, जमीन पट्ट्याची असेल, तीवरची घरं तर तुमची आहेत ना? त्यांचा घरकर भरा. जपानी कायद्यात जमीन आणि तीवरचं घर या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत, तेव्हा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने हे भांडण थेट हेगच्या लवादापर्यंत नेलं. १९०५ मध्ये निकाल लागला, दोन विरुद्ध एक, जपानच्या विरोधात. विरोधी मत अर्थातच जपानी सदस्याचं. हे कायमचे पट्टे संपायला १९४२ साल उजाडलं.

म्हणजे एकाच काळात पॅसिफिक महासागराच्या एका काठावर गोरा व्यापारी कायमच्या पट्ट्यावर, वर घरकर माफ. दुसऱ्या काठावर जपानी शेतकरी तीन वर्षांच्या बोलीवर. दोघेही कागदोपत्री भाडेकरूच. भाडेकराराच्या मुदतीत दोन देशांचं बळ किती स्वच्छ उमटतं! शेताचा कस, पिकाचा भाव, कुळाची मेहनत यांचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नव्हता.

बरं, तीन वर्षंही फार वाटली. नोव्हेंबर १९२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी साधारण तीनास एक अशा मतांनी नवा कायदा मंजूर केला आणि शेतजमिनीचे भाडेपट्टेच बंद केले. १९२३ मध्ये पिकाच्या वाट्यावर, म्हणजे आपल्या बटईवर, शेती करायलाही बंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकामागून एक निकाल देऊन हे सगळं घटनेत बसतं असं सांगितलं.

याच सुमारास आपल्याकडचे लोक या जाळ्यात पुरते सापडले. तोवर काही भारतीयांना नागरिकत्व मिळत होतं, काहींना नाही, न्यायाधीश कोण भेटतो त्यावर अवलंबून. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की मानववंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या बोलीतला 'गोरा' म्हणजे भारतीय नव्हे. तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाला याच कोर्टाने सांगितलं होतं, की कातडी गोरी असून भागत नाही, वंश कॉकेशियन हवा. दोन्ही निकाल न्यायमूर्ती सदरलँड यांचेच! थिंड यांचा मुद्दा होता, की मी तर कॉकेशियन आहे. मग कोर्टाने मापच बदललं.

थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून आपले कान टवकारतात, जन्म मात्र अहमदाबादचा. ते १९१४ पासून अमेरिकन नागरिक होते आणि लॉस एंजेलिसला वकिली करत. थिंड हरल्यावर सरकारने आधी नागरिकत्व दिलेल्या भारतीयांची कागदपत्रं रद्द करायला सुरुवात केली आणि पंडितांवरही खटला भरला. त्यांनी कोर्टापुढे मांडलं ते साधारण असं : तुमच्या शब्दावर विसंबून मी इथे आयुष्य उभारलं. वकिलीची सनद काढली, घर केलं, लग्न केलं. तो शब्द आता फिरवलात तर माझी सनद जाईल, माझ्या पत्नीचं नागरिकत्व आणि तिच्या जमिनीवरचा हक्क जाईल. १९२६ मध्ये अपील कोर्टात ते जिंकले, आणि त्यानंतर सरकारला ही मोहीम आवरती घ्यावी लागली.

सगळ्यांच्या नशिबी तो विजय नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णो दास बगाई १९२१ मध्ये नागरिक झाले होते, दुकान चालवत होते. नागरिकत्व गेलं, मालमत्ता विकावी लागली, परत जायला पासपोर्टही नाही. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. याच कुटुंबाने पूर्वी बर्कलीत घर घेतलं होतं आणि सामान घेऊन पोचल्यावर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. त्या बर्कलीत आज त्यांच्या पत्नी काला बगाई यांच्या नावाचा रस्ता आहे.

मग शेतकऱ्यांनी काय केलं? जे आपल्याकडेही कायद्याच्या कचाट्यात सापडलेला शेतकरी करतो तेच. कागद दुसऱ्याच्या नावाचा, शेत आपलं. ओळखीचा बँकवाला, दुकानदार, वकील, शेजारचा गोरा शेतकरी यांच्या नावाने पट्टा घ्यायचा, स्वतः कागदावर पगारी मुकादम व्हायचं आणि बाकी सगळं तोंडी. इंपिरिअल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांची कापूस, खरबूज, लेट्युसची शेती अशी शब्दावर चालली. बऱ्याच जणांनी दिलेला शब्द पाळला, ही माणुसकीची बाजू. पण ज्याला फसवायचं त्याला रान मोकळं होतं, कारण फसलेला माणूस कोर्टात जाऊन सांगणार काय? करारच बेकायदा. १९२५ मध्ये तिथल्या एका पंजाबी शेतकऱ्याने अशाच पिकाच्या व्यवहारात दोघा गोऱ्यांचा खून केला आणि त्याने पुढची बरीच वर्षं तुरुंगात काढली. खुनाचं समर्थन होऊ शकत नाही. पण दाद मागायची दारं बंद केली की काय होतं ते त्या फायलीत दिसतं.

या पंजाब्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली ती जमिनीसाठी, असं पुष्कळदा सांगितलं जातं. तारखा तपासल्या तर ते जुळत नाही. अशी लग्नं थिंड निकालाच्या आधीच सुरू झाली होती. शिवाय १९२२ च्या कायद्याप्रमाणे 'अपात्र' परक्याशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं स्वतःचंच नागरिकत्व जाई, १९३१ पर्यंत. बायकोच्या नावाने जमीन घ्यायची सोय त्यात कुठली? पंजाबातून बायका आणायला बंदी होती, माणसं एकटी होती, घर हवं होतं. इतकी साधी गोष्ट आहे.

कामी आली ती मुलं. अमेरिकेत जन्मलेलं मूल जन्मानेच नागरिक. रिव्हरसाइड गावी खानावळ चालवणारे जुकिची हराडा भाड्याच्या जागेत राहत असताना त्यांचा छोटा मुलगा घटसर्पाने गेला. चांगल्या हवेशीर घरासाठी त्यांनी १९१५ मध्ये लेमन स्ट्रीटवर एक घर घेतलं, तीन अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे. शेजारी बिथरले, राज्याने खटला भरला. १९१८ मध्ये न्यायाधीश ह्यू क्रेग यांनी कायदा योग्यच ठरवला, पण मुलं नागरिक आहेत, त्यांचं घर कोणी घेऊ शकत नाही, असा निकाल दिला. १९४२ मध्ये सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी लोकांना उचलून छावण्यांत टाकलं तेव्हा हराडा पतिपत्नी युटाच्या टोपाझ छावणीत गेले. दोघांचाही शेवट तिथेच झाला. घर एका गोऱ्या मित्राने सांभाळलं. मुलगी सुमी १९४५ मध्ये परतली आणि पुढे अनेक दशकं त्याच घरात राहिली. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे.

खंडाने शेती करणाऱ्यांचं मात्र १९४२ मध्ये काहीच राहिलं नाही. सामान बांधायचे आदेश आले ते वसंतात, पिकं उभी असताना. मालकीचं शेत असतं तर निदान परत येऊन पाहता तरी आलं असतं. भाड्याच्या शेतावर परत कुठे येणार?

पुढे गोष्टी बदलल्या. १९४६ मध्ये लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला केला. १९४८ मध्ये ओयामा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की बापाच्या वंशावरून नागरिक मुलाची जमीन काढून घेता येणार नाही. १९५२ मध्ये सेई फुजी यांच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लँड लॉच मोडीत काढला. नागरिकत्वातली वंशाची अटही त्याच वर्षी गेली. आणि ६ नोव्हेंबर १९५६ ला मतदारांनी तो कायदा पुस्तकातूनही पुसला. त्याच दिवशी, त्याच मतपेट्यांतून, दलीपसिंग सौंद अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आले, पहिले आशियाई वंशाचे सदस्य. बर्कलीतून गणितात पीएचडी करून हा माणूस इंपिरिअल व्हॅलीत वर्षानुवर्षं शेती करत होता, आणि त्यातली बरीच वर्षं त्याला स्वतःच्या नावावर खंडाने शेतही घेता येत नव्हतं. हे मतदारसंघातले लोक विसरले होते की आठवून मत देत होते, कोण जाणे.

युबा सिटीच्या बाजूला आज गेलात तर पंजाबी शेतकऱ्यांच्या पीचच्या, प्रूनच्या, अक्रोडाच्या बागा मैलोनमैल दिसतात. मला त्या बागा बघताना भांगड्यापेक्षा, गुरुद्वाऱ्यापेक्षा हीच गोष्ट जास्त जाणवते, की इथे कोणीतरी एकदाचं झाड लावलं.

तर मुदतीचा आकडा. तो अजून गेलेला नाही. आपल्याच देशात परदेशी नागरिकाला, अगदी ज्यांच्यावर जास्त बंधनं आहेत अशा देशांच्या लोकांनाही, पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीविना करता येतो. त्यापुढे नियम सुरू होतात. आपण एनआरआय मंडळी भारतात फ्लॅट घेऊ शकतो, पण शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, वारशाने आली तरच. (सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायचं राहिलेल्या चुलतभावांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) आणि अमेरिकेत टेक्सासने २०२५ मध्ये कायदा केला, चीन, इराण, उत्तर कोरिया आणि रशियाशी संबंधित काही व्यक्ती आणि कंपन्यांना जमीन-घर घेण्यापासून रोखणारा. कारण राष्ट्राच्या सुरक्षेचं सांगितलं आहे, आणि कोणत्याही देशाला ती काळजी असू शकते, हे मान्य. पण त्यातही एका वर्षाहून कमी मुदतीचा भाडेकरार चालतो. तीनाचा आकडा आता एकावर आला, इतकंच.

घर स्वतःचं की भाड्याचं, हा प्रश्न विचारणाऱ्या मामांना मी हल्ली सांगतो, की भाड्याचंच आहे, वर्षावर्षाच्या कराराने. त्यांना ते कमीपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण ते माझ्या सोयीने आहे, उद्या पाच वर्षांचा करार करावासा वाटला तर मला कोणी अडवणार नाही. एवढं साधं स्वातंत्र्य मिळायला माझ्या आधीच्यांना चाळीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचे जुने खंडाचे, पट्ट्याचे कागद पत्र्याच्या पेटीत पडले असतील तर एकदा काढून बघा. रक्कम बाजूला ठेवा, मुदत काय लिहिली आहे ते वाचा, आणि त्या मुदतीत त्यांनी शेतात काय लावलं होतं ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा. सापडलं तर मलाही कळवा.